माऊस त्यांच्याच हातात: घरातल्या ज्येष्ठांना पहिला कॉम्प्युटर शिकवताना

आत्याच्या घरी लॅपटॉपवर सहा महिने क्रोशाचं झाकण होतं. तिनेच विणलेलं, पूर्वी टीव्हीवर घालायची तसं. त्याआधी मी पुण्याहून वाईला जाऊन, तिच्या शेजारी बसून दोन तासांत ईमेल, यूट्यूब, फोटो, बँक असं सगळं दाखवलं होतं. त्या दोन तासांत माऊस एकदाही माझ्या हातातून सुटला नाही. आत्या "हं, हं" करत होती आणि निघताना म्हणाली, "किती भराभर करतेस गं तू." त्या वाक्यातली हार मला तेव्हा ऐकू आली नाही.

आत्या ७१ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने पस्तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. ज्या बाईने शेकडो मुलांच्या हातात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल दिली, तिला माऊस धरायला शिकवणं अवघड का जावं? तिच्या पद्धतीने विचार केला तेव्हा उलगडा झाला. ती मुलाचा हात हातात घेऊन एकदा अक्षर गिरवायची आणि मग हात सोडून द्यायची. मी मात्र तिच्या पाटीवर स्वतःच लिहून मोकळी झाले होते. दुसऱ्या खेपेला मी पहिल्यापासून वेगळी सुरुवात केली. त्यातून जे उमगलं ते लिहिते, कारण अशी झाकलेली यंत्रं मी आणखी बऱ्याच घरांत पाहिली आहेत.

आधी काम, मग यंत्र

"कॉम्प्युटर शिकून काय करू?" या प्रश्नाला "सगळं करता येतं" हे उत्तर निरुपयोगी आहे. सगळं कुणालाच नको असतं. आत्याला एक गोष्ट हवी होती. ती वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्रं लिहीत आली आहे, फुलस्केपवर, समास सोडून. अलीकडे बहुतेक ठिकाणी पत्र टाइप करून ईमेलने मागतात. हाताने लिहिलेल्या पत्रांचं पुढे काय होतं ते कळत नाही, म्हणून तिने लिहिणंच थांबवलं होतं. आम्ही ठरवलं की शिकायचं ते फक्त मराठीत एक पत्र टाइप करून पाठवण्यापुरतं.

तुमच्या घरी ते काम दुसरं असेल. कुणाला शेताचा सातबारा स्वतः पाहायचा असतो, कुणाला परदेशातल्या नातवाला मोठ्या पडद्यावर बघायचं असतं, कुणाला भजनी मंडळाची यादी करायची असते. ते काम काढून घ्या आणि त्याला लागत नाही ते सगळं बाजूला ठेवा.

चष्मा, टेबल आणि जुना लॅपटॉप

शिकवण्याच्या अडचणी म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच डोळ्यांचं आणि मानेचं दुखणं असतं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं दिसण्यासाठी वेगळा नंबर लागतो. दुभागी चष्म्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि वरचा लांबचं पाहण्यासाठी. कॉम्प्युटरचा पडदा या दोन्हींच्या मध्ये, साधारण ५० ते ७० सेंटीमीटरवर असतो. मग माणूस हनुवटी वर करून खालच्या भिंगातून बघू लागतो आणि अर्ध्या तासात मान धरते. आपल्याला वाटतं, लक्ष लागत नाही. टेप घेऊन डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि चष्मेवाल्याला तो आकडा सांगा. त्या अंतराचा साधा, एकाच नंबराचा चष्मा करून मिळतो. आत्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

लॅपटॉप असेल तर वेगळा माऊस आणि वेगळा कीबोर्ड जरूर घ्या. वय वाढतं तशी बोटांची त्वचा कोरडी होते आणि टचपॅड अशा बोटांना नीट दाद देत नाही. वेगळा कीबोर्ड असला की लॅपटॉप दोन जाड पुस्तकांवर चढवून पडदा उंचही करता येतो. दुभागी चष्मा घालूनच बसणार असतील तर मात्र पडदा फार उंच करू नका.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा भाग आहे. तिथे अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो, बाण मोठा आणि रंगीत करता येतो. हे शिकवायला बसण्याआधी करून ठेवा. कोपऱ्यातून उगवणाऱ्या सूचनाही बंद करा. नवख्या माणसाला प्रत्येक सूचना म्हणजे आपल्याच हातून काहीतरी झालं असं वाटतं.

मुलाने नवा घेतला आणि जुना लॅपटॉप आईवडिलांकडे आला, असं पुष्कळदा होतं. त्यात विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. यंत्र चालतं, पण नव्याने सापडणारी सुरक्षेतली भगदाडं आपोआप बुजवली जात नाहीत. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप आणि प्रोसेसर २०१७ च्या आधीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नसतात. अशा यंत्रावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालता येतं. ते मोफत आहे, जुन्या यंत्रावरही चांगलं चालतं आणि त्यात मराठी टाइप करता येतं. ज्याला विंडोजची सवयच नाही त्याला यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

माऊस: हात इथे, नजर तिथे

मोबाइल सहज वापरणारी माणसं कॉम्प्युटरपुढे का बावरतात, याचं कारण माऊस आहे. मोबाइलवर जिथे बघतो तिथेच बोट लागतं. माऊसमध्ये हात टेबलावर असतो आणि परिणाम पडद्यावर होतो. हात पुढे गेला की बाण वर जातो. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कधीकाळी शिकावं लागलं होतं हेच विसरलो आहोत. माऊसचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांना वापरून दाखवला, तेव्हा जमलेल्या तज्ज्ञांनाही तो नवाच होता. त्याचा पहिला नमुना तर लाकडी होता.

पहिल्या दिवशी आत्याने माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला. बाण अजून पडद्याच्या मध्यावरच. हात पूर्ण ताणलेला, खांदा पुढे आलेला, आणि ती तशीच थांबली. "आता टेबल संपलं गं." मी तिला सांगितलं, माऊस उचल आणि परत अलीकडे ठेव. उचललेला असताना बाण जागचा हलत नाही. ती म्हणाली, "म्हणजे इस्त्रीसारखं. उचलून मागे आणायची आणि पुन्हा फिरवायची." यापेक्षा बरं उदाहरण मला सापडलेलं नाही. माऊस फक्त टेबलावर किती घासला गेला तेवढंच मोजतो, टेबलावर तो कुठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

दुसरी खरी अडचण डबल क्लिकची. एकदा दाबलं म्हणजे वस्तूवर बोट ठेवलं, "ही". दोनदा दाबलं म्हणजे झाकण उघडलं. विंडोज या दोन दाबांसाठी साधारण अर्धा सेकंद वाट बघतं. बटण दाबलेलं असताना हात किंचित हलला तर यंत्राला वाटतं की वस्तू ओढायची आहे, आणि फाईल भलतीकडे जाऊन बसते. थरथरत्या हाताला हे फार छळतं. यावर दोन उपाय आहेत. एकदा क्लिक करून एंटर दाबलं तरी तेच होतं. किंवा फोल्डरच्या पर्यायांमध्ये एकाच क्लिकने उघडण्याची सोय आहे, ती चालू करून डबल क्लिकचा प्रश्नच मिटवा. मी दुसरा उपाय केला.

पकडण्याबद्दल एवढंच सांगा की अंगठा आणि अनामिकेने माऊस दोन्ही बाजूंनी धरायचा, तळहाताचा मागचा भाग टेबलावर टेकवायचा आणि दाबायचं काम एकट्या तर्जनीचं. डावं बटण कामाचं. उजव्या बटणाने एक यादी उघडते. चुकून उघडली तर एस्केप दाबायचं. पहिला आठवडा उजव्या बटणाचं नावही काढू नका.

आणि मग पत्ते. १९९० मध्ये विंडोज ३.० सोबत सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला. पत्ता उचलायचा, बटण दाबून धरायचं, ओढत न्यायचा, सोडायचा. माऊसचा सगळा अभ्यास त्यात आहे. आत्या आठ दिवस रोज अर्धा तास नुसते पत्ते खेळली. मी काही शिकवलं नाही. नवव्या दिवशी ती बाणाकडे न बघता बाण नेत होती.

ओटा आणि फडताळ

सेव्ह करणं म्हणजे काय, हे नीट समजलं नाही तर पुढचं सगळं धूसर राहतं. कॉम्प्युटरला दोन प्रकारची जागा असते. एक असते ओट्यासारखी. कापायचं, चिरायचं, मळायचं ते सगळं तिथे. हात पटकन पोचतो, पण जागा मर्यादित. दुसरी असते फडताळासारखी. तिथे वस्तू डब्यात भरून ठेवली की महिनोन्‌महिने राहते. ओट्याला रॅम म्हणतात, फडताळाला डिस्क. तुम्ही टाइप करता ते आधी ओट्यावर असतं. वीज गेली की ओटा पुसल्यासारखा साफ होतो, कारण रॅमला आठवण ठेवायला सतत वीज लागते. फडताळातलं तसंच राहतं. सेव्ह करणं म्हणजे ओट्यावरचं डब्यात भरून, डब्यावर नाव लिहून फडताळात ठेवणं.

कॉम्प्युटर हळू चालतो तो का, हेही यातूनच समजतं. एकाच वेळी दहा खिडक्या उघड्या ठेवल्या म्हणजे ओट्यावर दहा परातींचा पसारा झाला.

लॅपटॉपला बॅटरी असल्याने वीज गेली तरी थोडी उसंत मिळते. टेबलावरच्या कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. आमच्याकडे लिहिता लिहिता दर परिच्छेदानंतर सेव्ह करायला कंट्रोल आणि एस दाबायची सवय आत्याने स्वतःच लावून घेतली.

डब्यावरचं नाव महत्त्वाचं. "डॉक्युमेंट १" म्हणजे नाव न लिहिलेला डबा, त्यात पिठीसाखर आहे की मीठ ते उघडल्याशिवाय कळत नाही. आत्याच्या पहिल्या फाईलचं नाव "रस्त्याकडेचे वड" आहे आणि ती "पत्रे" नावाच्या फोल्डरमध्ये आहे. कॉपी म्हणजे झेरॉक्स, मूळ कागद जागेवर राहतो. कट म्हणजे मूळ कागदच उचलून दुसरीकडे नेणं. झेरॉक्स हा शब्द वापरला की हे एका मिनिटात संपतं.

इथेच कंट्रोल आणि झेड ही जोडीही शिकवा. शेवटची कृती मागे घेण्याची. "काही बिघडणार नाही" असं आपण उगाच सांगतो. ते पूर्ण खरं नाही आणि ज्येष्ठांना ते कळतं. खरं सांगा: लिहिताना झालेलं बहुतेक सगळं मागे घेता येतं, पुसलेली फाईल सहसा रिसायकल बिनमध्ये सापडते, पण गेलेले पैसे आणि अनोळखी माणसाला सांगितलेला आकडा मागे घेता येत नाही. एवढी मर्यादा कळली की उरलेल्या जागेत माणूस बिनधास्त वावरतो.

जसं बोलतो तसं टाइप करायचं

मराठी टाइप करण्याचे तीन मार्ग आहेत. बोलून टाइप करता येतं, गूगल डॉक्समध्ये मराठी निवडता येते. ज्यांची बोटं साथ देत नाहीत त्यांच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे, पण विरामचिन्हं आणि नावं हाताने नीट करावी लागतात. दुसरा मार्ग म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहायचा आणि यंत्राने तो देवनागरीत करायचा. तरुणांना हाच सोपा वाटतो, म्हणून ते घरच्यांनाही तोच शिकवतात. मला तो चुकीचा वाटतो. ज्याने साठ वर्षं देवनागरीत लिहिलं, त्याने "ळ" लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग का शोधावं?

तिसरा मार्ग इन्स्क्रिप्ट. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये प्रमाण म्हणून ठरवलेली ही कळांची मांडणी विंडोज आणि लिनक्स दोन्हींत आधीपासून असते. भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडायची, मग विंडोजची कळ आणि स्पेस दाबून मराठी-इंग्रजी अदलाबदल करायची. कीबोर्डवर चिकटवायला देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात, पहिल्या महिन्यासाठी ते लावा.

आत्याने स्टिकर लावलेला कीबोर्ड पाहिला आणि दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, ही तर बाराखडी मांडून ठेवली आहे." खरंच तसं आहे. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी, उकार. उजव्या बाजूला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, नुसतं दाबलं की क, शिफ्ट धरून दाबलं की ख. ग-घ, त-थ, प-फ तसेच. कान्याच्या कळीवर शिफ्ट धरलं की आख्खा आ. म्हणजे वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला अर्धा कीबोर्ड आधीच येत असतो.

तिचा पहिला शब्द "वाई" होता. व, मग काना, मग शिफ्ट धरून दीर्घ वेलांटीची कळ. तीन दाबांत गाव उमटलं.

पुढे ती अडली "पत्र"वर. हाताने लिहिताना आपण त्र एका झटक्यात काढतो, पण त्याची कळ शोधत बसायचं नाही. त टाइप करायचा, मग त्याचा पाय मोडायचा, मग र. पाय मोडण्याची वेगळी कळ आहे, इंग्रजी डीच्या जागी. आत्या वर्गात मुलांना "त चा पाय मोडा" असंच शिकवायची, त्यामुळे हे तिला समजावायला लागलं नाही. जोडाक्षर दिसतं कसं, ते फॉन्ट ठरवतो. आपण फक्त क्रम सांगायचा.

तो क्रम कोणता, हे या सगळ्यातलं मर्म आहे. क्रम कानाचा असतो, डोळ्याचा नव्हे. "पि" लिहिताना कागदावर वेलांटी आधी दिसते, पण बोलताना प आधी येतो, म्हणून आधी प आणि मग वेलांटी. "सूर्य"मध्ये रफार य च्या डोक्यावर बसलेला दिसतो, पण उच्चारात र आधी आहे. म्हणून स, दीर्घ उकार, र, पाय मोडायचा, य. रफार आपोआप डोक्यावर जाऊन बसतो. हे कळल्यावर आत्याने स्वतःच परीक्षा घेतली. "दर्या" लिहून बघितला, जमला. मग म्हणाली, आता डोंगराच्या दऱ्या कशा लिहायच्या? तिथे साधा र चालत नाही. शिफ्ट धरून र दाबला की खाली टिंब असलेला ऱ येतो, त्याचा पाय मोडून य लिहिला की अर्धचंद्रासारखा र मिळतो. "दऱ्या", "सुऱ्या", "तऱ्हा", सगळे त्याच वाटेने. मोठमोठ्या फलकांवरसुद्धा हा र चुकलेला दिसतो, आणि आत्याने तो तिसऱ्या दिवशी बरोबर लिहिला.

वेगाची काळजी करू नका. पहिलं दीडशे शब्दांचं पत्र लिहायला आत्याला पाच दिवस लागले. दुसऱ्याला दोन.

ईमेल म्हणजे अर्जाचाच नमुना

ज्यांनी सरकारी पत्रव्यवहार केला आहे त्यांना ईमेल वेगळं शिकवावं लागत नाही. टू म्हणजे प्रति. सब्जेक्ट म्हणजे विषय. सीसी म्हणजे "प्रत माहितीसाठी". अटॅचमेंट म्हणजे खाली डाव्या कोपऱ्यात लिहितो ते "सोबत". फरक इतकाच की ईमेलच्या पत्त्यात एक अक्षर चुकलं तरी पत्र पोचत नाही. पोस्टमन अंदाजाने घर शोधतो, तसं इथे कुणी शोधत नाही.

एसटी स्टँड

गूगल म्हणजे इंटरनेट नव्हे, हे समजावताना मला एसटी स्टँडचा उपयोग झाला. ब्राउझर (क्रोम, एज वगैरे) ही गाडी. संकेतस्थळ हे गाव. वरच्या पट्टीत लिहितो तो पत्ता म्हणजे गाडीवरची पाटी. आणि गूगल म्हणजे चौकशीची खिडकी. गावाचं नाव नक्की माहीत असेल तर चौकशी न करता थेट पाटी बघून बसता येतं.

चौकशी केल्यावर जी यादी येते तिच्यात सर्वांत वर बऱ्याचदा जाहिराती असतात. स्टँडच्या फाटकाबाहेर "चला पुणे, पुणे" ओरडणारे असतात ना, ते. त्यातले पुष्कळ सरळ असतात, पण आधी ओरडला म्हणून तो एसटीचा होत नाही. बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा मदतीचा नंबर अशा यादीतून कधीही उचलायचा नाही. तो पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला असतो, तिथून घ्यायचा.

पत्ता वाचायला शिकवणं हा फसवणुकीवरचा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि तो क्वचितच कुणी शिकवतं. पत्रावरचा पत्ता आठवा. घराचं नाव कुणी "सातारा निवास" ठेवलं तरी शेवटच्या ओळीत "जि. नाशिक" असेल तर पत्र नाशिकला जातं. संकेतस्थळाचंही तसंच आहे. सुरुवातीच्या "एचटीटीपीएस"पुढच्या दोन तिरक्या रेघा दिसत असतील तर त्या सोडून, पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो उजवीकडून वाचायचा. जिल्हा तिथे असतो. शेवटी "जीओव्ही डॉट इन" असेल तर ते सरकारी, कारण तो शेवट फक्त सरकारी यंत्रणांना मिळतो. पण पत्त्याच्या मध्ये कुठेतरी "जीओव्ही डॉट इन" आणि शेवटी "सातबारा-सेवा डॉट कॉम" असं असेल तर ते घराचं नाव सातारा आणि जिल्हा नाशिक. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने "डॉट बँक डॉट इन" हा वेगळा शेवट ठरवला आहे आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जायला बँकांना सांगितलं होतं. तुमच्या बँकेचा नेमका पत्ता काय आहे ते शाखेत विचारून वहीत लिहून ठेवा.

पट्टीत कुलूप दिसलं म्हणजे जागा खात्रीची, हा समज चुकीचा आहे. कुलूप म्हणजे पाकीट नीट चिकटवलेलं आहे, वाटेत कुणी वाचणार नाही. ज्याच्या हातात पडणार तो भला आहे की चोर, हे त्यावरून कळत नाही.

कधीतरी अख्खा पडदा लाल होईल, भोंगा वाजेल, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं येईल. ते नुसतं चित्र असतं. फोन करायचा नाही. एस्केप दाबून धरायचं, नाही गेलं तर चालू-बंद करण्याचं बटण दहा सेकंद दाबून यंत्र बंद करायचं. हे मी आत्याला सांगून थांबले नाही, आम्ही बटण दाबून बंद करण्याची तालीम केली. भीतीच्या क्षणी ऐकलेलं आठवत नाही, हाताने केलेलं आठवतं.

"डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी किंवा शिल्लक बघण्यासाठी लागतो. आणि तरीही पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. फसलेली ज्येष्ठ माणसं लाजेने घरी सांगत नाहीत. म्हणून आजच त्यांना सांगून ठेवा, "असं झालं तर मला आधी फोन करा, मी एक शब्द बोलणार नाही." आणि खरंच बोलू नका.

वही आणि फोन

पासवर्ड वहीत लिहू नये असं सगळीकडे सांगतात. घरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी उलट सांगते: लिहा. चोर दूर कुठेतरी बसलेला आहे, त्याला तुमची कपाटातली वही दिसत नाही. लक्षात ठेवायचा म्हणून सगळीकडे जन्मसाल वापरणं त्याहून धोक्याचं. बँकेचा पिन मात्र वहीत नको.

त्याच वहीत पायऱ्या लिहायच्या, पण आपण छापून दिलेल्या नव्हे. त्यांनी त्यांच्या शब्दांत. आत्याच्या वहीत असं आहे: "बाण हरवल्यास माऊस जोरात हलवणे. मोठा आहे, दिसतो." "पान खाली नेण्यास मधले चाक." "उजवे बटण दाबले गेल्यास एस्केप, घाबरू नये."

त्यांच्या रोजच्या वापरासाठी साधं खातं उघडून द्या, नवं काही बसवण्याची परवानगी नसलेलं. म्हणजे चुकून काही डाउनलोड झालं तरी यंत्र दुसरा पासवर्ड मागून थांबतं. तो दुसरा पासवर्डही त्यांना माहीत असू द्या. यंत्र त्यांचं आहे.

लांबून मदत करताना विंडोजमधल्या क्विक असिस्टने त्यांचा पडदा आपल्याला दिसतो. एक नियम घालून घ्या: फोन नेहमी त्यांनी करायचा. कुणीही समोरून फोन करून "मी मदत करतो, पडदा दाखवा" म्हटलं तर ठेवून द्यायचा, आवाज ओळखीचा वाटला तरी. आणि नुसत्या फोनवर बोलत असाल तर "ब्राउझर उघड" म्हणण्याआधी "तुला आत्ता समोर काय दिसतंय?" हे विचारा. त्या वर्णनातच निम्म्या वेळा उत्तर असतं.

वडांचं पत्र आत्याने पाठवलं तेव्हा मी पुण्यात होते. पाठवल्यावर फोन आला, "सेंट असं लिहून आलंय. म्हणजे गेलं ना?" मी म्हटलं, गेलं. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि मग विचारलं, "पण मग माझ्याकडे प्रत राहिली का?" तीस वर्षं ती प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी ठेवत आली होती. पुढच्या रविवारी आम्ही पेनड्राइव्ह आणला. "पत्रे" फोल्डरची त्यावर झेरॉक्स कशी काढायची आणि काढून झाल्यावर तो खेचण्याआधी यंत्राला कसं सांगायचं, एवढंच त्या दिवशी केलं. पेनड्राइव्ह देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या पोस्टाच्या पासबुकांबरोबर आहे. त्याला दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधला आहे आणि त्यावर तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं आहे: "पत्रे. जूनअखेर."